रोजचा बॅकअप आहे, जनरेटर आहे. मग वेगळी आपत्कालीन योजना कशाला?

शेवटचा बॅकअप रिस्टोर करून, म्हणजे त्यातून डेटा परत आणून, कधी पाहिला होता? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. रिस्टोर करून न पाहिलेला बॅकअप मी हिशेबातच धरत नाही.

गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या ऑनलाइन सेवेचं 31 जानेवारी 2017चं प्रकरण बघा. डेटाबेसची दुय्यम प्रत मागे पडली होती. ती नव्याने जोडण्यासाठी तिथला डेटा पुसायचा होता, पण कमांड दिली गेली मुख्य सर्व्हरवर. थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरला. इतकी चूक कोणाच्याही हातून होते. खरा घोटाळा पुढे आहे. क्लाउडवरचा रोजचा बॅकअप बघायला गेले, तर तिथे काहीच नाही! बॅकअप घेणारं पीजी-डम्प हे सॉफ्टवेअर 9.2 आवृत्तीचं आणि डेटाबेस 9.6चा, त्यामुळे ते एरर देऊन बंद पडत होतं. एररची ईमेल जायची सोय होती, पण डीमार्कची (ईमेल खरोखर त्याच पाठवणाऱ्याची आहे हे तपासण्याची) व्यवस्था नसल्याने त्या ईमेल नाकारल्या जात होत्या. डेटाबेस सर्व्हरसाठी डिस्क स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) चालूच केलेले नव्हते. निभावलं ते एका इंजिनिअरने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर. तोही परत आणायला तासन्‌तास गेले, कारण तो ज्या सर्व्हरवर होता त्याच्या डिस्क संथ होत्या.

म्हणून बिघाडाच्या ईमेलवर विसंबू नका. बॅकअप यशस्वी झाल्याचा मेसेज रोज मागवा, फाइलच्या साइजसकट. मेसेज आला नाही किंवा साइज अचानक घटली, की त्याच दिवशी शोध घ्यायचा. दर तीन महिन्यांनी एक रिकामा संगणक घ्या, कालची प्रत त्यावर चढवा, कालचं शेवटचं बिल उघडा आणि शिल्लक जुळवा. सुरुवातीपासून बिल उघडेपर्यंत जितका वेळ लागला, तितका वेळ तुमचा धंदा बंद राहणार. योजनेत हाच आकडा लिहायचा, मनाने ठरवलेला 'दोन तास' नाही. एक प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी आणि एक कायम जोडलेली नसावी. जोडून ठेवलेला ड्राइव्ह रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरबरोबरच लॉक करतं. मार्च 2021मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा बॅकअपही त्याच आवारात ठेवलेल्या काही ग्राहकांचं दोन्ही गेलं.

जनरेटरचंही तेच. आठवड्याला पाच मिनिटं रिकामा चालवणं ही चाचणी नव्हे. लोड नसताना डिझेल पूर्ण जळत नाही आणि एक्झॉस्टमध्ये काळा चिकट थर साचतो. महिन्यातून एकदा क्षमतेच्या किमान 30 टक्के लोडवर अर्धा तास चालवा, आणि तेही मेन स्विच पाडून. नाहीतर चेंजओव्हर (मेनवरून जनरेटरवर नेणारा स्विच) अडकतो का, हे कळणारच नाही. ऐन वेळी जनरेटर चालू होत नाही तेव्हा बहुतेकदा दोष इंजिनाचा नसतो, स्टार्टरची बॅटरी बसलेली असते. टाकीच्या तळाला पाणी साचतं, तेही काढत चला.

'चाचणीसाठी कामाचा वेळ कोण देणार?' हा वाद मालकांशी आणि मॅनेजरांशी नेहमीच होतो. रिस्टोरला सहा तास लागतात हे चाचणीत कळलं, तर वेगवान डिस्क घेता येते. संकटाच्या दिवशी कळलं, तर फक्त ग्राहकांचे फोन घ्यायचे उरतात. जाडजूड योजना छापून कपाटात ठेवणाऱ्यांना हे पटत नाही, पण त्या फाइलने एकही बिल निघत नाही.

हो, रिस्टोरची चाचणी चालू सर्व्हरवर कधीच करू नका. मेन स्विच पाडण्याआधी यूपीएसच्या बॅटऱ्या तपासा आणि लिफ्टमध्ये कोणी नाही ना, हे बघा. सगळा कारभार दोन-चार एक्सेल फाइलींत असेल, तर रिस्टोरची चाचणी अर्ध्या तासात उरकते.

योजनेचा नमुना मागितलात, तर एक पानाचा कागद पुरे: कोणी कोणाला फोन करायचा, आधी काय चालू करायचं, पुरवठादारांचे नंबर. बँकेचा आणि क्लाउडचा ओटीपी एकट्या मालकाच्या फोनवर येत असेल, तर अधिकार असलेला दुसरा माणूस आजच नोंदवून घ्या. क्लाउड खात्याचे रिकव्हरी कोड छापून बंद पाकिटात ठेवा, पण सर्व्हर असलेल्या इमारतीत नको.