पाठवलेलं खोकं हरवलं म्हणून विम्याचा क्लेम मिळाला, आता तेच खोकं परत आलंय?

भावा, पूर्ण भरपाई खात्यात पडली की ते खोकं आपलं नव्हे असंच धर. भरपाई दिल्यावर मालावरचा हक्क विमा कंपनी घेऊ शकते. १९६३ च्या सागरी विमा कायद्याचं कलम ७९ हेच सांगतं.

माझं पार्सल चार महिन्यांनी परत आलं. कापशी चपलांचे बारा जोड, चामड्यावर पांढरी बुरशी. तेल लावून विकावेत असं लई वाटलं, खोटं कशाला बोलू? पण क्लेम नंबर टाकून फोटो पाठवले. सॅल्व्हेजची, म्हणजे उरल्यासुरल्या मालाची, किंमत माझ्याकडून परत घेऊन कंपनीनं माल मलाच ठेवायला सांगितला.

तू सील तोडू नको, आधी कळव आणि उत्तर लेखीच घे. भरपाई अर्धीच मिळाली असेल तर मात्र पॉलिसी वाच, तिथं हिशेब वेगळा.