‘काल्पनिक कादंबरी’ म्हणजे काय?

गोव्यातल्या पर्वरीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. मे महिन्याची सुट्टी त्यांनी दिवाडी बेटावर आजोळी काढली. उकाड्यात बाहेर पडवेना, म्हणून पंख्याखाली लोळून ड्रॅगन, जादूगार, शापित राजपुत्र यांच्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या. आता विचारतात, फँटसीला मराठीत ‘काल्पनिक कादंबरी’ म्हणावं का? आणि जाता जाता, आयलंडला बेट म्हणावं की द्वीप?

‘काल्पनिक कादंबरी’ ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. पुस्तकांच्या दुकानात पाटी तीच, कार्यक्रमात निवेदकही तेच म्हणतो. अहो, काल्पनिक नसलेली कादंबरी कुठली? घरजावयाची, गिरणी कामगाराची, सगळ्या कल्पितच. समीक्षकांनी काढलेला ‘स्वैरकल्पना’ हा शब्द तर दावं तोडून सुटलेल्या बैलासारखा वाटतो. ‘अद्भुत कादंबरी’ म्हणा, अद्भुतरम्य म्हणा, काम झालं.

खरी गंमत ‘अद्भुत’मध्ये नाहीच, ती ‘कादंबरी’त आहे. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या दरबारातल्या बाणभट्टाने एक गद्यकथा लिहिली आणि तिच्या नायिकेचं नाव कादंबरी. हिंदी-बंगालीने नॉव्हेलला उपन्यास म्हटलं, गुजरातीने नवलकथा. मराठीने आणि कन्नडने मात्र या एका मुलीचं नाव उचललं आणि साऱ्या जातीला देऊन टाकलं. त्या कथेत आहे काय? माणसासारखा बोलणारा आणि स्वतःची हकिकत सांगणारा पोपट, गंधर्वांची राजकन्या, शापाने घोडा झालेला ऋषिकुमार, माणसाचा जन्म घेतलेला चंद्र, जन्मांमागून जन्म. तुमच्या त्या जाड पुस्तकांत याहून वेगळं काय असतं? सुरुवातीला छापलेला नकाशा तेवढा बाणाकडे नाही. म्हणजे आमचा शब्द मुळातच अद्भुताचा. वास्तववादी कादंबरीवाल्यांनी तो नंतर वापरायला घेतला.

पण त्याच्याही मागे जा. कादंबरी म्हणजे कदंबाची दारू! अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात मद्याच्या नावांत ‘कादंबरी’ सरळ दिली आहे, ‘हलिप्रिया’च्या शेजारी. हली म्हणजे नांगरधारी बलराम. कदंबाच्या ढोलीत साठलेली वारुणी त्याला वासावरून सापडली आणि तो ती प्याला, अशी विष्णुपुराणातली कथा. बाण ग्रंथ अर्धा टाकून गेला. तो पुरा करणाऱ्या त्याच्या मुलाने आरंभीच श्लेष साधला आहे की कादंबरीच्या रसाने सगळे इतके मत्त झालेत की कुणाला कसली शुद्ध नाही. मे महिन्यात हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास येणाऱ्या गोव्यात हे आणखी समजावून सांगायची गरज नसावी.

काही मास्तर मंडळी सांगतात की कदंब म्हणजे समूह, म्हणून कथांचा समूह ती कादंबरी. कदंबाचा ‘समूह’ असाही अर्थ आहे, हे मान्य. पण बाणाने कथासंग्रहाला नाव दिलेलं नाही, एका मुलीला दिलंय. आणि मुलीचं नाव ‘गठ्ठा’ कोण ठेवील? ही व्युत्पत्ती वर्गात फळ्यावर बरी दिसते, एवढाच तिचा आधार.

माझं म्हणणं, दिवाडीवर बसून कादंबरी वाचणाऱ्याने तर या कदंबाच्या झाडाला विसरूच नये. कदंब राजघराण्याचं नाव त्याच झाडावरून. त्यांच्या घराजवळ कदंब वाढला होता, असं कर्नाटकातल्या तालगुंद्याचा शिलालेख सांगतो. गोव्याच्या शाखेचं दैवत सप्तकोटीश्वर, आणि त्याचं मूळ देऊळ दिवाडीवरच्या नार्व्यात. पोर्तुगीजांनी ते पाडलं, लिंग नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेलं आणि तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधवलं. म्हणजे पणजीच्या स्टँडवरची, या घराण्याचं नाव लावणारी सरकारी कदंब बस आणि तुमच्या मांडीवरची कादंबरी, दोघींचं मूळ झाड एकच. ‘उपन्यास’ला असं काही सांगता येतं का?

हां, बेट. बोलताना बेटच. द्वीप नकाशात आणि द्वीपकल्प, द्वीपसमूह अशा जोडशब्दांत शोभतं. ‘दिवाडी आयलंड बेट’ मात्र कृपा करून नको, तेही मी ऐकलंय. कोकणीत तर जुंवो आहेच, म्हणून सांत इस्तेव्ह या बेटाला सगळे जुवें म्हणतात. तिथली सात शिरांची भेंडी घेताना कुणी ‘द्वीपाची भेंडी द्या’ म्हणालं, तर बाजारकारीण भाव दुप्पट सांगेल.