नेबामुनचं मांजर आणि पाच पायांचा बैल

या खेपेला आलेली बरीचशी पत्रं परीक्षेच्या तोंडावर उजळणीला बसलेल्यांची आहेत, म्हणून तेच प्रश्न आधी घेते. एकच विनंती आहे. उत्तर वाचताना त्या त्या चित्राची प्रतिमा समोर असू द्या आणि हातात पेन्सिल असू द्या.

प्रश्न: ताई, रेषा, आकार, घनाकार, रंग, छटा, पोत, अवकाश हे सात घटक मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतात. समतोल, लय, प्रमाण, विरोध ही तत्त्वंही पाठ आहेत. पण चित्र समोर ठेवून 'यातील कलाघटक स्पष्ट करा' म्हटलं की माझं पान कोरंच राहतं. शिवाय घटक कुठला आणि तत्त्व कुठलं, यातही ऐनवेळी गोंधळ होतो. काय करू? (पदविकेची एक विद्यार्थिनी)

उत्तर: गोंधळाचं आधी बघू. चित्रात ज्याच्यावर बोट ठेवून 'हे बघ' म्हणता येतं, तो घटक. रेषेवर बोट ठेवता येतं, निळ्या रंगावर ठेवता येतं, खडबडीत पोतावर ठेवता येतं. समतोलावर बोट ठेवून बघ बरं! ठेवता येत नाही, कारण तो दोन-तीन जागांमधला आपसातला संबंध असतो. लयही तशीच. परीक्षेत अडलीस तर मनातल्या मनात बोट ठेवून बघ.

आता कोऱ्या पानाचं. सात घटकांना सात वेगवेगळी उदाहरणं शोधत बसू नकोस. एकच चित्र घे आणि त्याच्याशी आठवडाभर राहा. मी तुला इजिप्तमधलं नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं पक्ष्यांच्या शिकारीचं चित्र सुचवते. इ.स.पू. १३५०च्या आसपासचं आहे, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. भिंतीचा तुकडा आहे, उंची जेमतेम मीटरभर. लव्हाळ्याच्या बोटीत नेबामुन उभा आहे, एका हातात फेकायची काठी, दुसऱ्या हातात धरलेले पक्षी. मागे बायको, पायांशी छोटी मुलगी. आणि पपायरसच्या झुडपात एक मांजर, ज्याने एकाच वेळी तीन पक्षी पकडलेत.

मांजरापासूनच सुरुवात कर. त्याच्या अंगावर जवळून बघ. बारीक कुंचल्याने ओढलेले आखूड फटकारे आहेत, पाठीवरचे एका दिशेला, पोटावरचे वेगळे. हा पोत. आता नजर नेबामुनच्या दंडावर आण. तिथे एकही फटकारा नाही. तांबूस रंग काठापासून काठापर्यंत सपाट भरलाय, उजेड नाही, सावली नाही. म्हणजे याच चित्रकाराला केस, पिसं, माशांचे खवले हे सगळं हुबेहूब दाखवता येत होतं, आणि माणसाचं अंग मात्र त्याने सपाट ठेवलं. हे एक वाक्य तू उत्तरपत्रिकेत लिहिलंस की पोत, रंग आणि छटा, तीन घटक झाले, आणि ते तुझ्या डोळ्यांनी पाहिलेले असतील.

रेषा बघायची तर त्याच्या शरीराची कड बोटाने फिरव. डोकं बाजूने, डोळा मात्र समोरून. खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. याला 'त्यांना माणूस नीट काढता येत नव्हता' असं म्हणणारी पुस्तकी वाक्यं मी खूप ऐकलीत आणि दर वेळी मला वाईट वाटतं. थडग्यातल्या चित्राचं काम मेलेल्या माणसाला सगळ्या अवयवांसह जपून ठेवायचं होतं. म्हणून प्रत्येक अवयव ज्या बाजूने सर्वांत चटकन ओळखू येतो, त्या बाजूने काढायचा. आणि हे अंदाजपंचे नव्हतं. लाल रंगात बुडवलेली दोरी ताणून भिंतीवर सोडायची, तिच्या फटक्याने सरळ रेघा उमटवायच्या, चौकोनांची जाळी करायची. उभ्या माणसाला तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ घरं. हे प्रमाण झालं, म्हणजे तुझं एक तत्त्व.

अवकाशासाठी त्याच थडग्यातला बागेतल्या तळ्याचा तुकडा बघ. तळं वरून पाहिल्यासारखं, पण त्यातले मासे आणि बदकं बाजूने, आणि एका काठावरची झाडं चक्क आडवी झोपलेली. एकदा हे तळं वहीत उतरवून बघ. मी उतरवलं तेव्हा झाडं नकळत उभी करत होते. तीन वेळा खोडावं लागलं. आपला हात एकाच जागी उभं राहून बघायला किती सरावलाय, ते त्या दिवशी मला कळलं.

घनाकार या चित्रात शोधू नकोस, सापडणार नाही. 'या चित्रात घनाकार दाखवलेला नाही' असं लिहिणं हेही बरोबर उत्तर आहे.

प्रश्न: ग्रीक भांड्यांमधल्या 'काळ्या आकृती' आणि 'लाल आकृती' या दोन पद्धतींत फक्त रंगांची अदलाबदल आहे का? आणि काळा रंग नेमका कशाचा असतो? मी हौसेने मातीकाम शिकतो, म्हणून विचारतोय. (एक वाचक)

उत्तर: तुमचे हात मातीत आहेत, तर तुम्हाला हे वाचताना मजा येईल. तो काळा 'रंग' नाहीच. अथेन्सची माती लोहयुक्त. तीच माती पाण्यात कालवून, जाड कण खाली बसू देऊन, वरचा अगदी बारीक गाळ घ्यायचा आणि त्याने भांड्यावर चित्रण करायचं. कच्च्या भांड्यावर ते चित्र धड दिसतही नाही, कारण दोन्ही मातीच.

खरी करामत भट्टीत होते. आधी भरपूर हवा देऊन भाजायचं, सगळं भांडं लाल होतं. मग उष्णता साधारण ९०० अंशांवर नेऊन हवेची वाट बंद करायची आणि ओलं लाकूड घालायचं. भट्टी धुराने कोंदते, मातीतल्या लोहाचा ऑक्सिजन ओढला जातो आणि सगळं भांडं काळं होतं. याच वेळी तो बारीक गाळाचा थर वितळल्यासारखा होऊन काचेसारखा घट्ट बसतो. शेवटी पुन्हा हवा सोडायची. भांड्याची सच्छिद्र माती ऑक्सिजन परत घेते, लाल होते. घट्ट बसलेल्या थरात हवा शिरू शकत नाही, तो काळाच राहतो. एकच माती, एकच भट्टी, आणि फक्त हवेची वाट उघडून-मिटून दोन रंग. वेळ थोडी चुकली की सगळा ऐवज वाया. त्या काळी उष्णता मोजायचं यंत्र नव्हतं, हे लक्षात घ्या. भट्टीच्या तोंडाशी बसलेल्या त्या माणसाबद्दल मला चित्रकाराइतकाच आदर वाटतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. अदलाबदल रंगांची दिसते, पण बदलतं ते हत्यार. जुन्या, काळ्या पद्धतीत आकृती गाळाने भरून टाकायची आणि डोळे, दाढी, कापडाच्या चुण्या टोकदार हत्याराने कोरायच्या. कोरलेली रेघ कडक, एकसारखी, टोचणारी. इ.स.पू. ५३०च्या सुमारास अथेन्समध्ये कुणीतरी उलटं केलं: पार्श्वभूमी भरली, आकृती मातीच्या रंगाची सोडली, आणि आतले तपशील कुंचल्याने काढले. कुंचल्याची रेघ जाड-बारीक होते, गाळ पातळ केला तर फिकट तपकिरी होते. मग पोटाचे स्नायू, वळलेला खांदा, पाठमोरा माणूस, हे सगळं काढावंसं वाटायला लागलं, कारण आता ते हाताला जमत होतं.

म्युनिकच्या संग्रहात एक कुंभ आहे. त्याच्या एका बाजूला काळ्या पद्धतीने आणि दुसऱ्या बाजूला लाल पद्धतीने ग्रीक पुराणकथांतला वीर हेराक्लीस पलंगावर रेललेला आहे, समोर अथेना देवी. प्रसंग तोच आहे. दोन्ही बाजूंची चित्रं शेजारी ठेवा आणि नुसती पलंगावरची उशी आणि हेराक्लीसचा हात बघा. रेषा आणि तंत्र यांचं नातं मी चार पानं लिहून जेवढं सांगू शकणार नाही, तेवढं तिथे दिसेल. आणि मातीकाम करताच आहात, तर एका टाइलवर कोरून आणि दुसरीवर कुंचल्याने एकच डोळा काढून बघा.

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने पुस्तकात असिरियाच्या पंखवाल्या बैलाचे पाय मोजले. पाच भरले! छपाईची चूक असेल का? (एक आई)

उत्तर: मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. पायच पाच आहेत. माणसाचं दाढीवालं डोकं, बैलाचं अंग आणि पंख असलेला हा लमासू राजवाड्याच्या दारात उभा असायचा. असिरियाचा राजा दुसरा सारगॉन याच्या खोर्साबादच्या राजवाड्यातले, इ.स.पू. आठव्या शतकातले, चार मीटरहून उंच आहेत. समोरून आलं की दोन पाय जुळवून तो ठाम उभा दिसतो. दारातून आत जाताना बाजूने पाहिलं की चार पायांवर चालतोय. दोन्ही दृश्यं पुरी व्हावीत म्हणून शिल्पकाराने एक पाय जास्तीचा दिला. पहिल्या उत्तरातल्या बागेतल्या तळ्याची आठवण ठेवा, विचार तोच आहे. मुलाला मातीचा असा एक प्राणी करायला लावा, कोपऱ्यावर उभा राहणारा.

प्रश्न: भिंतीवर काढलेलं प्रत्येक जुनं चित्र म्हणजे फ्रेस्को, असं माझी मैत्रीण म्हणते. अजिंठ्याच्या चित्रांनाही ती फ्रेस्कोच म्हणते. आमचा वाद तुम्ही मिटवा. (एक वाचिका)

उत्तर: मैत्रिणीचं चुकतंय, पण ही चूक छापील पुस्तकांतही सर्रास आहे, तेव्हा तिला फार बोलू नका.

फ्रेस्कोची खूण एकच: ओला चुना. चुनखडी भाजून कळीचा चुना करायचा, तो पाण्यात विरवायचा, वाळू मिसळून गिलावा करायचा. गिलावा ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेले रंग लावायचे, डिंक नाही की सरस नाही. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच बनतो. त्या पातळ दगडी पापुद्र्यात रंगाचे कण अडकून बसतात. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा. रंगही चुना सोसणारेच हवेत. काव, गेरू, हिरवी माती हे मातीचे रंग खुशाल टिकतात.

अजिंठ्यात वेगळं आहे. दगडावर माती, तिच्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे. वर चुन्याचा पातळ हात. तो सुकल्यावर सरसासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. लाल-पिवळी काव, हिरवी माती, काजळी, चुना, आणि पाचव्या शतकातल्या लेण्यांमध्ये आजच्या अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्दी दगड कुटून केलेला निळा. हे सुक्या भिंतीवरचं काम. नेबामुनचं चित्रही सुक्याच गिलाव्यावरचं.

फरक हाताला कळावा म्हणून मी एकदा दोन टाइल्सवर चुन्याचा गिलावा केला. पहिलीवर बोट दाबलं की हलकासा ठसा उमटत होता, पण चुना बोटाला चिकटत नव्हता, तेव्हा गेरूचा एक पट्टा ओढला. दुसरीवर तसाच पट्टा दुसऱ्या दिवशी, गिलावा वाळल्यावर ओढला. महिन्याने दोन्हींवर ओलं फडकं फिरवलं. दुसरीचा गेरू फडक्याला आला. पहिलीचा पट्टा जसाच्या तसा. जुनी भिंत मात्र कधी अशी पुसून बघायची नाही. तिथे गिलाव्याचे जोड शोधायचे. ओल्या गिलाव्यात जिथे आदल्या दिवशीचं काम थांबलं, तिथे तिरप्या उजेडात बारीक शिवण दिसते.

प्रश्न: निवृत्तीनंतर कलेचा इतिहास वाचतोय. सगळं समजतं, सनावळ्या मात्र राहत नाहीत. काही युक्ती? (एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर: सन सोडा, अंतरं धरा. फ्रान्समधल्या शोवे गुहेतली सर्वांत जुनी चित्रं ३०,००० वर्षांपलीकडची, तिथल्याच लास्को गुहेतली सुमारे १७,००० वर्षांपूर्वीची. म्हणजे शोवेचे घोडे लास्कोच्या चित्रकारांसाठी जवळपास तितकेच जुने होते, जितके लास्कोचे बैल आपल्यासाठी आहेत.

दुसरं अंतर इजिप्तचं. नारमेर राजाची कोरीव पाटी इ.स.पू. ३१००च्या सुमाराची, नेबामुन इ.स.पू. १३५०चा. मध्ये सतराशेहून जास्त वर्षं आणि माणूस उभा राहायची तऱ्हा तीच, डोळा समोरून, पाय बाजूने. याच्या शेजारी ग्रीस ठेवा. इ.स.पू. ६००च्या आसपास ग्रीकांनी इजिप्तसारखाच ताठ उभा, डावा पाय पुढे टाकलेला तरुण दगडात घडवला. इ.स.पू. ४८०च्या सुमारास क्रिटिओसचा म्हणून ओळखला जाणारा मुलगा एका पायावर भार देऊन उभा राहिला आणि त्याचं कंबरडं किंचित तिरकं झालं. इ.स.पू. ४४०च्या आसपास पॉलिक्लायटोसने भाला धरलेला पुरुष घडवला, आणि त्यात तो भार खांद्यापासून टाचेपर्यंत सगळीकडे जाणवतो. हे सगळं १६० वर्षांत घडलं. तुम्ही स्वतः आरशासमोर आधी ताठ उभे राहा, मग एका पायावर भार द्या. कुठला खांदा खाली जातो ते बघा. ती दीडशे वर्षं पुन्हा विसरणार नाही.

प्रत्येक काळापाशी एक चित्र मनात टांगून ठेवा, आकडा त्याला आपोआप चिकटतो. माझ्यासाठी शोवेपाशी घोडे नाहीत, हात आहे. तिथे तांबड्या रंगात बुडवलेल्या तळव्यांचे ठसे भिंतीवर आहेत. त्यांतल्या एका माणसाची करंगळी वाकडी आहे, आणि गुहेत पुढे गेलं की तीच वाकडी करंगळी पुन्हा भेटते.