ठेला ढकलायचा की टाकायचा?

एका अनुवादकाचा प्रश्न आला आहे. दक्षिण आशियातली शहरं रस्त्यावरच्या खाण्यातून नव्यानं समजून घेणारा एक निबंध ते मराठीत आणताहेत. त्यांनी 'ठेला' लिहिलं, तर संपादक म्हणाले, हिंदी आहे, 'हातगाडी' करा. शिवाय अशा धंद्यांना लावल्या जाणाऱ्या 'इन्फॉर्मल' या इंग्रजी शब्दाला 'अनौपचारिक' चालेल का, हेही त्यांना हवंय.

ठेला हिंदीतूनच आला, वाद नाही. ठेलना म्हणजे ढकलणे. ढकलायची गाडी तो ठेला. बंगालीतही ठेलागाडी आहेच. पण विदर्भात या शब्दाची चाकं गळाली. आमच्या दारव्हा तालुक्यातल्या फाट्यावरचा पानठेला म्हणजे विटांवर टेकवलेला पत्र्याचा डबा. पुण्याकडे त्याला पानटपरी म्हणतील. तो ढकलला असेलच तर आणला त्या दिवशी. शेजारच्या आलूबोंड्याच्या ठेल्याला चाकं आहेत, पण ती फिरतात निंबाच्या सावलीमागे, दिवसाला दहा-बारा फूट. आमच्याकडे ठेला 'टाकतात'. "पोट्ट्यानं ठेला टाकला" म्हणजे धंद्याला लागला. आणि "ठेल्यापाशी उभा राय, येतोच" यातला ठेला म्हणजे पत्ता. त्या दिवशी तो बंद असला तरी चालतं. हातगाडीला यातलं काहीच पेलत नाही.

गंमत म्हणजे ज्ञानेश्वरीत 'ठेला' हे क्रियारूप राहिला, थांबला या अर्थानं येतं. त्याचं कुळ वेगळं, धातू 'स्था'. दोन्हींचं नातं जोडायचा मोह मी आवरतो. पण आमचा पानठेला ढकलण्यापेक्षा त्या थांबण्याच्या जवळचा वाटतो खरा.

'फेरीवाला'ही तसा फसवाच. फेरी मारतो तो फेरीवाला, आणि शहरं त्याला 'फेरीवाला क्षेत्र' आखून देतात, म्हणजे एका जागी बसायला! २०१४च्या पथविक्रेता कायद्यात एका जागी बसणारे आणि फिरते असे वेगळे प्रकार आहेत. मग बुधवारी एका गावच्या बाजारात, शुक्रवारी दुसऱ्या, बाकी दिवस फाट्यावर कढई चढवणारा आमचा भजेवाला कोण? कायदा शहरांसाठीचा आहे, मान्य. पण शहरातही असे लोक आहेतच. त्याच कायद्यातला 'नैसर्गिक बाजार' मला जास्त पटतो: विकणारे आणि घेणारे परंपरेनं जिथं जमत आले, ती जागा.

आता 'अनौपचारिक'. कीथ हार्ट या मानववंशशास्त्रज्ञानं घानातल्या अक्रा शहराच्या अभ्यासातून १९७१मध्ये 'इन्फॉर्मल' ही कल्पना मांडली. मराठीत मात्र गप्पा अनौपचारिक असतात, नवरा-नवरीची पहिली भेट अनौपचारिक असते. भजेवाल्याचा धंदा तसा नाही. ग्रामपंचायत बाजारवसुलीचा लिलाव करते, ठेकेदाराचा माणूस पावती फाडतो, चिवड्याचं पाल कुठे आणि जिलेबीचं कुठे हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी दुसऱ्याच्या जागेवर पोतं अंथरलं तर भांडण ठरलेलं. इतके नियम असताना 'अनौपचारिक' कसं म्हणायचं? निबंधात जिथं नोंदणी नसण्याचा मुद्दा असेल तिथं 'बिननोंदणीचा' लिहा. जिथं निव्वळ तुच्छतेनं वापरलाय, तिथं ती तुच्छता अनुवादात दिसू द्या.

'हातगाडी' फक्त चाकं खरोखर फिरत असतील तिथं ठेवा. आणि नागपूरची सांबारवडी आली, तर तिथं इडलीबरोबरचं सांबार घालू नका. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.