शिमग्याची पालखी बघायला जायचंय, पण कधी?

प्रश्न : आम्हाला यंदा कोकणातला शिमगा बघायचाय, रत्नागिरीकडे आमचं कुणीच नाही. होळीच्या दिवशी पोचलो तर सगळं बघायला मिळेल का? आणि बाहेरच्यांना चालतं का?

उत्तर : ताई, नुसती होळीची तारीख धरून निघू नका हं! तिकडे काही गावांचे तेरसे शिमगे असतात म्हणजे फाल्गुन शुद्ध त्रयोदशीला होम, म्हणजे होळी पेटवतात, तर काहींचे भद्रेचे, ते पौर्णिमेला, आणि त्यानंतर पालखी घरोघर फिरते ती कुठे चार दिवस तर कुठे पार गुढीपाडव्यापर्यंत, त्यामुळे ज्या गावी जाणार तिथे आधी फोन करून विचारलेलं बरं. मला विचाराल तर होमानंतरचे दिवस गाठा. देवीची चांदीची रुपं, म्हणजे मुखवटे, लावलेली पालखी खांद्यावर घेऊन ढोल-ताशावर नाचवतात ना, ते बघताना अंगावर काटा येतो. मग अंगणात पालखी टेकली की घरातल्या बायका ओटी भरतात, नारळ ठेवतात, गाऱ्हाणं, म्हणजे देवीला साकडं, घातलं जातं. काही ठिकाणी जमिनीत पुरलेला नारळ पालखी शोधून काढते, त्याला खुणा काढणं म्हणतात, तो दिवस मुद्दाम विचारून घ्या. संकासुर आणि गोमू ही शिमग्यातली सोंगं, त्यांचा नाचही बघा.

दर्शनाला कुणी अडवत नाही, पण पालखी उचलायचा मान ठरलेला असतो, तेव्हा विचारल्याशिवाय खांदा देऊ नका. रेल्वेचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, लगेच करून टाका, चाकरमान्यांची तुफान गर्दी असते.