आधी तुकडा तपासायला द्या

बाळा,

तुझा मेसेज वाचला. बाबांच्या जिभेच्या कडेला महिनाभर फोड आहे, डॉक्टर बायोप्सी करा, म्हणजे फोडाचा छोटा तुकडा काढून तपासा म्हणतायत आणि घरात प्रत्येकाचं मत वेगळं. आत्या म्हणते सुरी लावली की पसरतं, दादा म्हणतो आधी बी कॉम्प्लेक्सचा कोर्स संपवू, आणि तू मधल्यामधे अडकलीयेस. माझं म्हणणं एकच आहे, तुकडा तपासायला द्या. याच आठवड्यात.

तुकडा घेतल्याने कॅन्सर पसरत नाही गं. पसरतो तो वाट बघत बसल्याने. साधं तोंड आलं असेल तर दोन आठवड्यांत भरून येतं, त्यावर राहिलेला फोड म्हणजे लगेच कॅन्सरच असं नाही पण नुसतं बघून ते ठरवता येत नाही, इतकी वर्षं इंदूरात दातांचा दवाखाना चालवून मलाही येत नाही, आणि कोणी बघूनच ‘काही नाहीये’ म्हणत असेल तर बाबांना घेऊन सरळ उठून ये.

मी गॉझने जिभेचं टोक धरतो, जीभ बाजूला ओढतो आणि मागच्या दाढांसमोरची कड बघतो, कारण ती घरच्या आरशात धड दिसतच नाही. मग बोट फिरवतो. साध्या फोडाच्या कडा मऊ असतात. मला धास्ती वाटते ती कडक लागणाऱ्या कडांची, आत बटण शिवल्यासारख्या. सुरुवातीला कॅन्सरचा फोड पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून माणूस निवांत राहतो, आणि पुढे त्याच बाजूचा कान ठणकायला लागला की कानात थेंब घालत बसतो.

दाढ टोकदार आहे म्हणालीस, घासून घ्या ना, पण तेवढ्यासाठी आता परत थांबायचं नाही. आणि ‘बाबा तंबाखू खात नाहीत, नुसती सुपारी’ हे मला सांगूच नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ च्या अहवालातच म्हटलंय की तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर करते. आपल्या मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटखा बंद आहे, तरी पानाच्या दुकानांवर पानमसाल्याची आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी मिळते आणि लोक हातावर एकत्र करून खातात. बाबांची सुपारी आजपासून बंद, यावर चर्चा नको.

माझ्या थोरल्या भावाला एका दवाखान्यात महिनोन्महिने जेल लावायला देत राहिले. तुकडा कोणी घेतलाच नाही. शेवटी घेतला तेव्हा मानेत गाठ हाताला लागत होती. तेव्हापासून मी ज्याला त्याला तुकडा द्या म्हणतो, लोक म्हणतात हा डॉक्टर घाबरवतो, म्हणू देत. ज्यांचे रिपोर्ट चांगले आले तेही चिडले माझ्यावर, उगाच सुई टोचली म्हणून. मला त्याचं काही वाटत नाही, मी परत हेच करीन.

तू घाबरू नकोस. जागा बधिर करतात, फोडाच्या कडेचा छोटासा तुकडा घेतात, एखाद-दुसरा टाका, बाबा त्याच दिवशी घरी. दोन दिवस मऊ भात, तिखट नको. रिपोर्टमध्ये ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, म्हणजे तोंडाच्या अस्तराचा कॅन्सर, आलंच तर मुख्य इलाज ऑपरेशन, आणि ते लवकर झालं तर जीभ पुष्कळ वाचते, बोलणंही. तेव्हा सर्जन मानेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) पण काढू म्हणाले तर ‘मानेला काय झालंय’ म्हणून भांडू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०१५ मध्ये दाखवलंय, सुरुवातीच्या स्टेजला ज्यांच्या मानेतल्या या ग्रंथी आधीच काढल्या त्यांच्यात तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, आणि मानेत गाठ दिसेपर्यंत थांबले त्यांच्यात ६७.५. म्हणजे तिथेही थांबणंच महाग पडलं.

आत्याला माझा नंबर दे, मी बोलतो. आणि रिपोर्ट आला की सगळ्या पानांचे फोटो पाठव, नुसती शेवटची ओळ नको, फोड किती खोल गेलाय ते लिहिलं असेल तर मला बघायचंय.

तुझा काका