अमेरिकेत इंग्रजी न येणाऱ्या आईबाबांना डॉक्टरकडे नेताना टेक्नॉलॉजीचा काही उपयोग होतो का?

होतो ना, सगळ्यात जास्त व्हिडिओ इंटरप्रिटरचा. स्टँडवर लावलेला टॅबलेट खोलीत आणतात, त्यावर दुभाषी दिसतो, मराठीला कधीकधी नुसता फोनवरच मिळतो पण काम भागतं. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला २०१० च्या आरोग्य कायद्यातल्या कलम १५५७ प्रमाणे ही सोय फुकट द्यावीच लागते, फक्त अपॉइंटमेंट घेतानाच मराठी पाहिजे म्हणून सांगून ठेवा, नाहीतर हिंदीवाला जोडून मोकळे होतील. मुलगा मधे बसून सांगायला लागला की आई लघवीचा त्रास सांगतच नाही, "काही नाही रे, बरी आहे मी." गूगल ट्रान्सलेट रिसेप्शनवर ठीक, गोळ्यांच्या डोससाठी अजिबात नको. पेशंट पोर्टलवर, म्हणजे हॉस्पिटलच्या पेशंटसाठीच्या वेबसाइटवर, त्यांच्या संमतीने प्रॉक्सी ॲक्सेस (त्यांचं खातं बघायची परवानगी) घ्या, रिपोर्ट तुम्हालाही दिसतात.